त्या दिवशी तू होतास कुठे?

समाधान तायडे चोर नाही, हे आधी सांगतो. अकोल्याचा हा माणूस बहारीनमध्ये मीना सलमान बंदरावरच्या गोदामात अकरा वर्षं स्टोअरकीपर होता. ढोलकी हातात आली की जेवण विसरायचा. मी इमाद, त्याचा शिफ्टमधला जोडीदार.

चौदा एप्रिलला त्याला तिथल्याच अराद गावात जयंतीच्या कार्यक्रमात वाजवायचं होतं. रजा मिळेना. मी म्हटलं, "जा रे, तुझं कार्ड मी पंच करतो." आमच्यात हे चालतंच.

नेमकी त्याच दिवशी गोदामातून तांब्याची तार गेली. कार्डाप्रमाणे समाधान हजर, म्हणून पोलिसांनी त्यालाच उचललं. माझी नोकरी जाईल म्हणून तो कार्डाबद्दल गप्प राहिला.

आणि तो वकील! कोर्टाच्या दारात पाच मिनिटं भेटला आणि आत जाऊन म्हणाला, पहिलाच गुन्हा आहे, दया करा. अरे, कसला गुन्हा? दया मागून यानेच चोरी कबूल करून टाकली! एक वर्षाची शिक्षा झाली.

अपिलाला दुसरी वकीलबाई आली. तुरुंगात जाऊन तिने पहिलंच विचारलं, "त्या दिवशी तू होतास कुठे?" समाधानने सगळं सांगितलं. ढोलकी वाजवतानाचा त्याचा व्हिडिओ पन्नास मोबाइलमध्ये होता. सात महिन्यांनी सुटला.

पहिल्या वकिलाला मी रोज शिव्या घालतो. हरामखोराला एवढं विचारता आलं नाही.

मला तर विचारायचीही गरज नव्हती.