जनगणनेतले चार पाहुणे

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, जनगणनेत तुझ्या ट्रस्टनं नेमकं काय केलं?" मी म्हटलं, बॅनर लावले, सभा घेतल्या, आणि तुमच्याकडे थंडी किती आहे ते विचारलं. फोन ठेवल्यावर ते उत्तर मला दिवसभर टोचत राहिलं. ते खोटं नव्हतं, पण पुरंही नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

ट्रस्टची जागा तुम्ही पाहिली आहे. डहाणू स्टेशनजवळ, किराणा दुकानाच्या वरची दीड खोली, दोन कपाटं आणि आवाज करणारा पंखा. चिकूच्या वाड्या असलेल्या एका कुटुंबानं फार पूर्वी काही रक्कम बाजूला ठेवली, तिच्यावर हा ट्रस्ट चालतो. आम्ही पाच विश्वस्त. चिटणीस रेल्वेतून निवृत्त झालेले, मी शाळेतून. शाळांना वह्या देणं, डोळे तपासणीचं शिबिर आणि वर्षातून एकदा सामुदायिक विवाह, एवढी आमची कामं.

सामुदायिक विवाहाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. इथल्या पाड्यांवर मुलगा-मुलगी घरच्यांच्या संमतीनं एकत्र राहू लागतात, संसार मांडतात. लग्न मात्र राहून जातं, कारण लग्न म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण. ते जमेल तेव्हा करायचं. कधी कधी आईबापांच्या लग्नात त्यांचीच मुलं पुढं बसून जेवतात. पाड्यावर त्यांना कोणी कमी नवरा-बायको समजत नाही. आम्ही जेवणाचा, मांडवाचा खर्च उचलतो आणि नोंदणीचे दाखले काढून देतो. अर्ज तपासायचं काम माझं. मला ते आवडतं. कागद एकाखाली एक लावून टाचणी मारली की मला बरं वाटतं.

तीन वर्षांपूर्वी कैनाडच्या एका पाड्यावरची एक बाई नवऱ्याबरोबर अर्ज घेऊन आली होती. कडेवर एक मूल, हाताशी दोन. तिच्याकडं वयाचा कुठलाच दाखला नव्हता. ती शाळेत दोनच वर्षं गेलेली, तीही तलासरीच्या बाजूला, माहेरी. मी अर्ज परत केला. ती तशीच उभी राहिली, तेव्हा समजावलं, "अगं, तू नीट संसार करतेस हे मला दिसतंय. पण कागदावर तुम्ही अजून नवरा-बायको नाही. दाखला आण, मग करू." मी हे अगदी मायेनं म्हटलं होतं. तिनं मान हलवली आणि गेली.

मग जनगणना आली. सरकारी गुरुजी घरोघर जाऊन लिहून घेणार होते, पण दूरच्या पाड्यांवर लोकांना आधी कळायला हवं, भीती जायला हवी, म्हणून संस्थांनी हातभार लावावा असं पत्र आलं. मी ते पत्र सभेत वाचून दाखवलं. संस्थेनं काय करायचं हे स्पष्ट होतं: लोकांना सांगायचं. काय करायचं नाही हेही स्पष्ट होतं: माहिती भरायची नाही, उत्तरं बघायची नाहीत, गुरुजींच्या कामात पडायचं नाही. मला हे फार आवडलं. इतकं नीट आखलेलं काम आमच्या वाट्याला क्वचित येतं.

खर्चाचा प्रश्न निघाला. मीच सुचवलं की यंदाचा सामुदायिक विवाह पुढं ढकलू आणि ती रक्कम जीप, भोंगा आणि पत्रकांकडं वळवू. लग्नं काय, पुढच्या वर्षीही होतील. ही मोजणी पुन्हा लवकर येणार नाही. चिटणीस म्हणाले, "बाई, तुमची गाडी रुळावर आली की कोण थांबवणार?" ठराव झाला.

दोन महिने आम्ही फिरलो. नरपडला कोळणींनी आम्हाला दुपारी बोलावलं आणि मासळी निवडता निवडता ऐकून घेतलं. एकीनं विचारलं, "मोजून झाल्यावर आमचा धक्का मोठा होणार काय?" चिटणीस म्हणाले, "मावशी, तो आमच्या हातात नाही." ती म्हणाली, "मग हातात काय हाय तुमच्या? ही चिठ्ठीच ना? आण, बोंबील बांधायला होईल." सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. चिखल्याला सभेला सातच माणसं होती, त्यातले दोघे आमचे जीपवाले. तलासरीच्या बाजारात भोंग्याचा आवाज मिरचीवाल्याच्या भोंग्यात मिसळून गेला. तरी लोक थांबत, विचारत.

पत्रकावरचा मजकूर माझा होता. मोठ्या अक्षरांत एकच ओळ: घरात जे आहे, तेच खरं सांगा. खाली गुजरातीतही तेच, आणि त्याखाली बारीक अक्षरांत: तुमची उत्तरं गुप्त राहतील. मला वाटलं, याहून सोपं काही लिहिता येणार नाही.

कैनाडच्या पाड्यावरची सभा संपता संपता ती बाई उठली. मी तिला ओळखलं, मुलं मोठी झाली होती. तिनं विचारलं, "बाई, जा कागदावर नाय, तेव सांगायचा काय?" पुढच्या पाड्यावर लोक आमची वाट बघत होते आणि जीपवाला हॉर्न वाजवत होता. मला वाटलं, ती जमिनीचं विचारते आहे, दळीच्या, म्हणजे जंगलात कसायला मिळालेल्या प्लॉटचं. कारण त्याआधी तिघांनी तेच विचारलं होतं. मी म्हटलं, "जे खरं असेल तेवढंच सांग. सरकारला खोटं सांगू नये." ती "बरा" म्हणाली आणि बसली.

मोजणी झाली. शेवटी फेरतपासणीचे दिवस असतात, कोणी राहून गेलं असेल तर गुरुजी पुन्हा येऊन लिहून घेतात. तेही संपले. त्यानंतर दोन दिवसांनी मी आणि चिटणीस पाड्यापाड्यावरचे बॅनर उतरवायला निघालो. कापड चांगलं होतं, शिबिराला वापरता आलं असतं.

कैनाडच्या पाड्यावर ती बाई अंगणात वाल सोलत बसली होती. आम्हाला पाहून उठली, खाट पुढं केली. चेहऱ्यावर काहीतरी चांगलं सांगायचं आहे असं दिसत होतं.

"बाई, तुमी सांगलात तसाच केला. एक शबूद खोटा नाय बोललू."

"छान. गुरुजी आले होते ना?"

"आलं होतं. तवा मी इथं नव्हतीच."

मी विचारलं, कुठं होतीस? तिनं सांगितलं. नवऱ्याच्या घरात आपण कागदावर बायको नाही हे तिच्या पक्कं लक्षात होतं. गुरुजींनी विचारलं आणि नवरा तिला बायको म्हणाला तर ते खोटं ठरेल, त्याला त्रास होईल. नाही म्हणाला तर मुलांसमोर वाईट दिसेल. म्हणून मोजणीचे ते सगळे दिवस ती मुलांना घेऊन तलासरीकडं भावाच्या घरी जाऊन राहिली. भाऊ बोटीवर खलाशी, वहिनी वीटभट्टीवर, घराला कुलूप. किल्ली शेजारी होती.

"आणि तिथं कोणी आलं नाही?"

"आलं ना. दुसरं गुरुजी. त्यांनी इचारला, तुमी इथलं काय? मी सांगला, नाय, आमी पाहुनं. ते बोललं, मग तुमचा नाव तुमच्या घरी लागंल. मी बोललू, बरा."

खांबाला टेकून तिचा नवरा उभा होता. तो म्हणाला, "मी इथं सांगला, एकटाच ऱ्हातो. त्या दिसाला एकटाच होतो ना." आणि बायकोकडं बघून, "घरात भाकर पन नव्हती. हीची अक्कल." ती म्हणाली, "तुला तांदूळ शिजवता येत नाय, त्यात सरकार काय करंल?"

चिटणीस हसले. त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या मात्र आलं, ही चौघं कुठंच लिहिली गेली नव्हती.

मुलांनो, गुरुजींसाठी जी सूचनांची पुस्तिका असते ती मी इंग्रजीतून मिळवून आधीच वाचली होती. रीतीनं किंवा समाजानं ज्यांना नवरा-बायको मानलं आहे त्यांना विवाहितच लिहावं, दाखला मागू नये, सांगतील ते लिहावं, अशा अर्थाची ओळ तिच्यात आहे. मी तिच्याखाली लाल पेन्सिलीनं रेघही मारली होती. ती पुस्तिका माझ्या पिशवीत होती, सभेतही होती. कागद मागणारी सबंध गोष्टीत एकटी मीच, तीन वर्षांपूर्वीची. मोजणीला कुठलाच कागद लागत नव्हता. त्यांना फक्त तिचं म्हणणं हवं होतं, आणि ते तिनं माझ्या सांगण्यावरून तोंडातच ठेवलं.

बॅनर जीपमध्ये टाकून आम्ही निघालो. वाटेत मी कैनाडच्या गुरुजींना फोन लावला. ते आमच्याच शाळेत शिकलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, परवापर्यंत सांगितलं असतंत तर मी रात्रीसुद्धा गेलो असतो. आता माझा भाग बंद झाला. मोबाइलवर उघडतच नाही."

"वर कोणाला सांगता येईल?"

"सांगून बघा, मॅडम." हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्यावरून मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत गेले. चौघांची माहिती स्वच्छ अक्षरात लिहून नेली होती: बाई, मुलगी नऊ, मुलगा सात, धाकटी चार. टेबलामागचा अधिकारी सभ्य होता. त्यानं मला खुर्ची दिली, कागद वाचला आणि हळूच विचारलं, "आजी, त्यांनी गुरुजींना काय सांगितलं हे तुम्हाला कसं कळलं? ते गुप्त असतं ना? तुमच्याच पत्रकात आहे."

होतं. तिसरी ओळ.

"त्यांनी आपणहून मला सांगितलं," मी म्हटलं.

"मान्य. पण संस्थेनं आणलेली माहिती मी घेऊ शकत नाही. आज तुमची घेतली तर उद्या दुसरी संस्था चारशे नावं आणून देईल." त्यानं कागदाची घडी माझ्या घडीवरच घातली आणि परत दिला. त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. मी त्याला चुकीचंही ठरवू शकले नाही.

चिटणीस खाली वाट बघत होते. म्हणाले, "बाई, एवढ्या मोठ्या देशात चार माणसं." मी कागद पिशवीत ठेवला आणि स्टेशनाकडं चालू लागले.

दहा दिवस मी पाड्यावर गेले नाही. घरात कपाटं आवरली. तुमच्या आईचे शाळेतले निकाल सापडले, तेही वर्षवार लावले. शेवटी निदान तिला खरं सांगावं म्हणून एकटी रिक्षानं गेले.

ती मिरची तोडून आली होती, हात धूत होती. मी सांगितलं, "अगं, त्या दिवसांत तू घरीच थांबायला हवं होतंस. बायको म्हणून सांगितलं असतंस तर चाललं असतं. दाखला कोणी मागत नव्हतं. माझी चूक झाली. तुमची चौघांची नावं कुठंच लागली नाहीत."

तिनं हात पदराला पुसले. "कुठंच नाय?"

"नाही."

"मंग आता?"

"आता लिहीत नाहीत. पुढच्या मोजणीत."

"तेव कदी?"

मी सांगितलं. तिनं मोठ्या मुलीकडं पाहिलं. मुलगी ओट्यावर बसून धाकटीच्या केसांतला गुंता काढत होती. "तवर ही सासरी असंल," ती म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग ती आत गेली आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. तोंडाला दोन रबर लावलेले. म्हणाली, भावाच्या घरी होते तेव्हा रोज माझ्या जुन्या शाळेत जाऊन बसले. हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढून दिलं. "बघा, बरोबर हाय काय. या साली लगीन कदी हाय, बाई?"

मी पिशवी उघडली. शाळेचा दाखला, शिक्का स्पष्ट. दोघांची आधार कार्डं, फोटो, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. मी सवयीनं एकाखाली एक लावले. एकही कागद कमी नव्हता.

"या वर्षी नाहीये," मी म्हटलं. "या वर्षी आम्ही लग्नं ठेवली नाहीत."

तिनं कारण विचारलं नाही. जीप, भोंगा, पत्रकं हे मी सांगणार होते, पण तिच्याच कुडावर आमचं पत्रक चिकटवलेलं होतं, आणि त्याखाली मला ते बोलवेना. तिनं कागद माझ्या हातातून घेतले, मी लावले होते त्याच क्रमानं पिशवीत घातले आणि रबर लावले. मग मला सोललेले वाल दिले, वर्तमानपत्रात बांधून. नको म्हणताच आलं नाही.