एका गाठीवर दोन वर्तुळं

आमच्या घरात खोली एकच होती, आणि तिच्यातली उजेडाची जागा आईच्या सुपाची. दाराशी मांडीवर सूप घेऊन ती बसायची, तेंदूची पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायची. आम्ही भावंडं तिच्या पाठीमागच्या अंधारात अभ्यास करायचो. बाबा लाकडाच्या टालवर, म्हणजे वखारीत, कामाला होते, पाठ गेली तेव्हापासून घरीच.

विड्या झाल्या की मी तिच्यासोबत सट्टेदाराच्या ओट्यावर जायचो. सट्टेदार म्हणजे कारखान्याचा मधला माणूस. पानं-तंबाखू तोच द्यायचा आणि तयार माल तोच तपासायचा. पंचवीस विड्यांचा कट्टा उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा आणि वर न बघता बाजूला फेकायचा. त्याला छाट म्हणत. छाट झाली की दिवसभराची बोटं फुकट. आई ओट्याखाली उभी राहून बघत राहायची. एकदा परतताना एवढंच म्हणाली, "पानं त्यानंच फाटकी देल्ली होती. ते नाही पाहिलं त्यानं."

त्या घरातून मी शिकलो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. नेपियर टाउनच्या एका कोचिंग क्लासात मी सकाळी खुर्च्या लावायचो, फळे पुसायचो, आणि त्या बदल्यात मला कॉम्प्युटरवर बसायला मिळायचं. हे मी छाती काढून सांगतो, आजही. पुढचं सांगताना मात्र मान खाली जाते.

विजय नगरात शेती-संशोधनाच्या एका लहान संस्थेत मला नोकरी लागली. तिथं मटारच्या मुळांवर काम चालायचं. मटारच्या मुळांना बारीक गाठी असतात. त्या किती आणि केवढ्या, यावरून वाण चांगला की नाही ते ठरतं. मुळं धुवायची, त्यांचं भलंमोठं चित्र कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं आणि प्रत्येक गाठीवर माऊसनं एकेक वर्तुळ ठेवायचं. वर्तुळं मोजून देणारा तो प्रोग्राम मी लिहिला होता.

त्याच्यावर माझं फार प्रेम होतं. चित्र मोठं करायला गेलं की ते एकदम उडी मारायचं नाही, सरकत, तेल लावल्यासारखं जवळ यायचं. गाठींना सावल्या दिसायच्या. आमचे शास्त्रज्ञ पाहुण्यांना मुद्दाम माझ्या टेबलाशी आणायचे. "हे आमच्याच पोरानं बनवलंय," म्हणायचे. मी उगाच दोनदा चित्र सरकवून दाखवायचो.

मग ठरलं की मोजणी शहराबाहेर, पनागरलाच व्हावी. मटार तिथल्या केंद्रात पेरला जायचा, मुळंही तिथंच धुतली जायची. पण तिथलं मशीन जुनं, माझा प्रोग्राम त्याला पेलेना. म्हणून प्रोग्राम आमच्या मोठ्या मशीनवरच चालायचा आणि त्याचा पडदा फोनच्या तारेनं पनागरला दिसायचा. मी हे शेजारच्या खोलीतून, ऑफिसच्याच वायरवर, एकदा करून बघितलं. छान चाललं. झालं, म्हणालो.

पनागरला मोजणी करणाऱ्या बाई माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, आमच्याच नागपूरकडच्या मराठी. करारावर होत्या. सगळं केंद्र त्यांना दीदी म्हणायचं. त्यांचा फोन यायचा.

"भैया, चित्र अटकून राहिलं."

"दीदी, थोडा सबर करा. तुम्ही घाई करून राहिल्या."

"घाई कशाची जी, माझा चहा होऊन जाते तोवर."

मी हसायचो. एकदा म्हणाल्या, मी पडद्यावर प्लास्टिक लावलंय, त्याच्यावर पेननं खुणा करते. मी रागावलो. पडद्याला काही चिकटवायचं नाही म्हणालो. काहून चिकटवलं ते विचारलंही नाही.

हंगामाचे आकडे आले तेव्हा गाठी भलत्याच जास्त निघाल्या. वर्तुळांची यादी उघडून बघितली, तर कितीतरी गाठींवर दोन-दोन वर्तुळं, बरोब्बर एकावर एक. संस्थेच्या साहेबांनी मला विचारलं, प्रोग्राम चुकतोय का? मी माझ्या टेबलावर, माझ्या मशीनवर चालवून बघितला. एका दाबाला एकच वर्तुळ. मग मी एक कागद लिहिला, शुद्ध भाषेत. प्रोग्राममध्ये दोष नाही, मोजणी करणाऱ्या व्यक्तीचा निष्काळजीपणा आहे. खाली सही केली आणि सहीखाली डिग्री लिहिली. तशी कोणी मागितली नव्हती.

त्या कागदावर दीदींची सबंध हंगामाची मोजणी रद्द झाली. त्यांना टेबलावरून उठवून मुळं धुवायच्या हौदावर पाठवलं. पुढचा करार द्यायचा की नाही, ते साहेब नंतर बघणार होते.

रविवारी दुपारी आई मटार सोलत बसली होती. मी तिला ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली. पनागरची एक बाई, एक गाठ दोनदा मोजते. आई हसली नाही.

"तिले कामाचं सामान कोन देते?"

"मीच देतो."

"मंग तू पाहून आला का, तिथं ते कसं चालते?"

"जायची गरज नाही न, आई. इथूनच समदं दिसते."

तिनं शेंगांची टोपली माझ्याकडे ढकलली. "सट्टेदारालेबी ओट्यावरून समदं दिसे," म्हणाली, आणि सोलत राहिली.

मी एक शेंग उचलली, पण ती सोलता येईना.

सोमवारी बसनं पनागरला गेलो. दीदी हौदाशी होत्या, कोपरापर्यंत चिखल. म्हटलं, मला जरा मोजून दाखवा. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि टेबलाशी बसल्या. चित्र मोठं करायला घेतलं. ते माझं तेल लावलेलं सरकणं! तारेनं त्यातलं प्रत्येक हललेलं चित्र वेगळं पाठवावं लागत होतं, म्हणून वरची एक पट्टी आली, मग मधली, मग सगळं थांबलं. दीदींनी हात मांडीवर ठेवले. ती सवय होती त्यांची. आई ओट्याखाली तशीच वाट बघत उभी राहायची.

शेवटी चित्र जुळलं. त्यांनी एका गाठीवर दाबलं. काहीच उमटलं नाही.

"आता सांगा, लागलं का नाही लागलं, मले कसं कळन?"

त्यांनी पुन्हा दाबलं. बऱ्याच वेळानं दोन्ही वर्तुळं एकदम आली, एकावर एक, आणि दिसलं एकच.

मग त्यांनी खण उघडला. आत बियाण्याच्या पिशव्यांचं कापलेलं प्लास्टिक, प्रत्येक मुळाचं एक, कोपऱ्यात मुळाचा नंबर. एका गाठीला एक ठिपका. कुठवर झालं ते विसरू नये म्हणून, म्हणाल्या. मी तिथं बसून चार मुळं ताडून बघितली. दुबार वर्तुळं वगळली की त्यांचे ठिपके जसेच्या तसे जुळत होते.

"दीदी, तो कागद मी लिहिला होता."

"मालूम आहे. खाली डिग्री होती न." प्लास्टिक परत खणात ठेवत त्या म्हणाल्या, "आता हे नीट चालन का, तेवढं बोला."

परत येऊन कामाला बसलो तरी पहिले दोन दिवस मी ते सरकणं वाचवायच्याच खटपटीत होतो. हेही लिहायला हवं. मशीनसमोर बसलेल्या माणसाला ते कामाचं होतं, सरकत जवळ आणलं की बारीक गाठ लवकर सापडते. म्हणून ऑफिसात ते ठेवलं. पनागरसाठी वेगळी साधी खिडकी केली, तिथल्या जुन्या मशीनला झेपेल अशी. चित्र सकाळी एकदा तिथं पोचतं आणि तिथंच राहतं. वर्तुळ तिथंच काढलं जातं. तारेनं जाते ती फक्त त्याची जागा. त्याच गाठीवर दुसऱ्यांदा दाबलं तर ते घेतलं जात नाही. आणि साहेबांना दुसरा कागद दिला, की दोष प्रोग्रामचा होता, आणि पनागरला न जाता सही करणाऱ्याचा.

साहेबांनी तो वाचला आणि फायलीत लावला. त्या दिवसानंतर पाहुणे माझ्या टेबलाशी आणले गेले नाहीत.

दीदींची मोजणी प्लास्टिकच्या तुकड्यांशी ताडून पुन्हा धरली गेली. त्यांचा करार वाढला आणि त्या हौदावरून परत टेबलावर आल्या. पनागरला आता दाबलं की वर्तुळ लगेच उमटतं, आणि एका गाठीवर एकच उमटतं.