व्याह्याचं ऐकणारा डबा

आमच्या घरात मुलीकडचे आणि मुलाकडचे हा फरक फार कसोशीनं पाळला जाई. ताईचं लग्न बाबांनी विहारात, हुंड्याशिवाय, बँड न लावता उरकलं होतं. एवढा सुधारलेला माणूस, पण ताईचे सासरे घरी आले की उठून उभा राही आणि ते बसेपर्यंत बसत नसे. ते बसल्यावरही बाबा दाराच्या चौकटीला टेकून उभेच. मला याचा फार राग यायचा. "तुमचे गुडघे दुखत न्हाईत काय?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पोरगी दिली हाय आपन. दुखले तरी काय बिघडलं?"

ताईचं सासर सेनगाव तालुक्यातच, टेकडीपलीकडच्या गावात. दोन्ही गावांच्या पाण्याच्या विहिरी एकाच तलावाच्या काठाला. आमच्या गावचा पंप बाबा चालवायचे आणि तिकडचा पंप, योगायोग म्हणा, ताईचे सासरे. पूर्वी टाकी भरली की बाबा सायकल मारत तलावापर्यंत जाऊन पंप बंद करत. मधे टाकीपासून पंपापर्यंत वायर टाकून पाहिली, ती चोरीला गेली. मग दोन हजार सालानंतर कधीतरी एका ठेकेदारानं दोन्ही गावांना बिनतारी डबे बसवून दिले. एक टाकीवर, एक पंपाजवळ. टाकी भरली की वरचा डबा खालच्याला हवेतूनच सांगणार आणि पंप आपोआप बंद होणार. बाबांनी पहिल्या दिवशी डब्याला हार घातला होता.

पुढच्या उन्हाळ्यात पंप मधेच बंद पडू लागला. टाकी अर्धीसुद्धा भरलेली नसे. बाबा जाऊन चालू करत, तो परत बंद. तोवर लोडशेडिंगची वेळ होई आणि लाईट जाई. वरच्या गल्लीला पाणी पोचेना. आधी लोक म्हणाले, पंपवाला झोपा काढतो. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की तलावात पाणी कमी आहे, ते सोयऱ्याच्या गावाला पुरावं म्हणून हा आपला पंप बंद ठेवतो. ही गोष्ट गावाला एकदम पटली. बाबांना कामावरून काढायचं की नाही हे रविवारच्या ग्रामसभेत ठरणार होतं. बाबांच्या ताटातली दुसरी भाकरी परत जायला लागली.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून औरंगाबादला एका छोट्या कारखान्यात कामाला होते. आमच्या टेबलावर असेच डबे तपासायला येत. आईचा फोन आला तशी रजा टाकली आणि कारखान्याचा लॅपटॉप मागून घेऊन गाव गाठलं. टाकीवरच्या डब्याला लॅपटॉप जोडल्यावर त्यानं पासवर्ड विचारला. नवा डबा कारखान्यातून येतो तेव्हा जो असतो तोच मी टाकून पाहिला, एक दोन तीन चार. डबा उघडला. ठेकेदारानं तो बदलायचे कष्टच घेतले नव्हते. दार नुसतं लोटून ठेवलेलं, कडी नाही. आणि पडद्यावर एक नाही, दोन टाक्या दिसत होत्या.

दुसरी टाकी टेकडीपलीकडची होती. ठेकेदारानं दोन्ही गावांच्या डब्यांना नंबरही एकच देऊन ठेवला होता. आपल्याशी बोलणारा आपल्याच गावचा आहे का, हे आमचा डबा विचारतच नव्हता. उन्हाळ्यात लोडशेडिंगमुळे दोन्ही पंप एकाच वेळी चालू लागले, आणि त्यांची टाकी लहान, त्यामुळे ती आधी भरे. ती म्हणे, 'भरले', आणि आमचा पंप निमूट बंद होई. मी आमच्या टाकीजवळ बसूनच त्यांचाही डबा उघडून पाहिला. तोही एक दोन तीन चार. कुणी वाईट मनाचा माणूस लॅपटॉप घेऊन टेकडीवर बसला असता तर दोन्ही गावांचं पाणी तोडून आरामात घरी गेला असता.

खात्री करायला मी ताईला फोन लावला आणि सांगितलं, "उद्या तुझ्या सासऱ्यांचा पंप थांबला की लगेच मला मिस कॉल दे." दुसऱ्या दिवशी मी, आई आणि बाबा पंपाजवळ बसून राहिलो. माझा मोबाईल वाजला आणि त्याच वेळी आमचा पंप गचका देऊन थांबला. बाबा मोबाईलकडे असे बघत राहिले, जणू त्यानंच पंप बंद केला. मी सगळं समजावून सांगितलं, तशी आई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"पोरीच्या बापाचा डबा हाय त्यो," ती म्हणाली. "व्याह्याचंच ऐकणार!"

कित्येक दिवसांनी बाबाही हसले. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा डबे उघडले असते.

"आता ताईच्या सासऱ्यांनाच सभेत बोलावू, ते सांगतील," मी म्हणाले. बाबांचं हसू गेलं.

"पोरीच्या सासऱ्याला आपल्या गावात जाब द्यायला हुभं करायचं? न्हाई."

"मग रविवारपर्यंत डबा असाच ठेवू. सगळ्यांना डोळ्यांनी दाखवू."

"आन् तंवर वरच्या गल्लीनं काय प्यावं? आधी पानी. माझं नाव मागून."

मी धुसफुसत नंबर बदलला. पासवर्डसाठी एखादा शब्द सांगा म्हटलं, तर पाण्याला आलेल्या बायांसमोर बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "तलाव टाक." मी म्हणाले, "हळू! तो कुणाला कळू द्यायचा नसतो." "मंग तुला कसा कळंल?" हे त्यांनी अगदी मनापासून विचारलं. दुसरा शब्द त्यांनी माझ्या कानात सांगितला. त्या संध्याकाळी वरच्या गल्लीला भरपूर पाणी आलं.

आणि तेच आमच्या अंगाशी आलं. रविवारी सभेत वरच्या गल्लीतला एक जण उठून म्हणाला, "पहा, सभा लागली तसा पंप बराबर चालून राहिला! मंग इतके दिवस बंद कोन करत होतं?" मी उभी राहून नंबर, पासवर्ड सगळं सांगायला लागले. "बापाची पोरगी बापाचंच सांगनार," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. दाखवायला आता काही उरलं नव्हतं. बाबा मान खाली घालून उभे होते. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता.

तेवढ्यात बाहेर लुना थांबली. ताईचे सासरे आत आले. ताईनं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं, मिस कॉलसकट. बाबांनी सवयीनं पुढं होऊन खुर्ची सरकवली, पण सासरे बसले नाहीत.

"पंप यायनं बंद केला न्हाई," ते बाबांकडे हात करून सभेला म्हणाले. "आमची टाकी भरली का हितला पंप बंद पडत होता. आमचा डबा करून राहिला होता ते. मला ठावं नव्हतं, पन तुमचं पानी आमच्यापायी अडलं. बोल लावायचा तर मला लावा."

सोयऱ्याचा फायदा झाला म्हणणाऱ्यांपुढं सोयराच येऊन हे सांगतोय म्हटल्यावर मघाशी हसणारेच माना डोलवायला लागले. सरपंचांनी पंपाचा विषय तिथंच मिटवला. "बसा आता, पाव्हणं," ते म्हणाले.

सासऱ्यांनी बाबांनी दिलेली ती खुर्ची उचलली आणि बाबांच्याच मागं नेऊन ठेवली.

"तुमी बसा आधी," ते म्हणाले.

बाबा भांबावले. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सासरे जागचे हलेनात. शेवटी बाबा बसले. अगदी कडेला, कधीही उठायच्या तयारीत, पण बसले.