साखळीची जोड

पालघरला मी फौजदार होतो तेव्हाची ही हकीगत. इतकी वर्षे लोटली, तरी ती काही डोक्यातून जात नाही.

तारापूरला वीज केंद्राचे बांधकाम चालू होते. बोईसरजवळच्या एका कारखान्यातून तिथे मोठे पंप जात. कारखान्याच्या मालकाला सगळे सेठ म्हणत. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या मोडीत काढलेल्या गाड्या विकत घेऊन, स्वतः दुरुस्त करून त्याने धंदा उभा केला होता. मोठा उद्योगपती झाल्यावरही तो कामगारांबरोबर शेडमध्ये उभा राही.

एके दिवशी त्या शेडमध्ये पंप उचलताना साखळी तुटली. साताऱ्याकडचा एक कामगार खाली सापडून जागीच गेला. मी पंचनामा केला, साखळी जप्त केली. साखळी ओढणारा वारली कामगार स्वतःहून पुढे आला.

"माझी चूक हाय, साहेब. मीच जादा वजन टांगलं."

मी त्याला अटक केली. मॅनेजरनेही तसाच जबाब दिला. प्रकरण मिटले असे मला वाटले.

तिसऱ्या दिवशी जवळच्या घिवली गावची एक मासळीवाली पोलीस ठाण्यात आली. ती रोज कारखान्याच्या गेटवर बसे.

"त्या गरिबाला कशाला कोंडलाय, साहेब? साखली आदीच तुटलेली होती. जोडून लावली. गेटवर सगले तेच बोलतात."

मी मुद्देमालातली साखळी काढली. ज्या कडीत ती तुटली होती, तिथे ताजे वेल्डिंग दिसत होते. पंचनाम्यात मी फक्त 'तुटलेली साखळी' असे लिहिले होते. कडी नीट पाहिलीच नव्हती. चूक माझी होती.

कोठडीतल्या कामगाराला समोर बसवले.

"जादा वजन म्हणजे काय टांगलं होतंस?"

"पंप."

"रोज काय टांगतोस?"

"तोच पंप," तो म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली. मग बोलला, "माझी बायको आजारी होती, तवा सेठनी आपल्या जीपमधून ठाण्याच्या दवाखान्यात नेली. वाचली ती. मॅनेजर बोलला, तू कबूल हो, सेठ सोडवतील."

मी साखळी घेऊन कारखान्यात गेलो आणि ती सेठच्या टेबलावर ठेवली. "ही जोड कोणी दिली?"

"बाजारातून तशीच आली असेल," मॅनेजर घाईने म्हणाला.

सेठने त्याला हातानेच थांबवले. कडी उचलून बराच वेळ पाहिली.

"माझ्या हातची आहे. नवी साखळी मुंबईहून यायला चार दिवस लागले असते. माल थांबवायचा नव्हता. वाटलं, आयुष्यभर हेच केलंय, टिकेल."

मी त्याला कामगाराचा पहिला कबुलीजबाब वाचून दाखवला.

"त्याने माझं नाव घेतलं नाही?"

"नाही. तो कबूल होणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मॅनेजरने विचारलं होतं. मी नको म्हणालो नाही."

दुसऱ्या दिवशी, स्वतःचा वकील अडवत असतानाही, त्याने दंडाधिकाऱ्यांसमोर कबुली दिली. कामगार सुटला. निष्काळजीपणाबद्दल सेठला कैद झाली. ती भोगून तो परतला आणि त्याने आणखी कारखाने उभारले.

निकालाच्या दिवशी मयताची बायको कोर्टाच्या पायरीवर भेटली. खरे बाहेर आले, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "आलं, साहेब. पण तीन दिस सगळ्यांना ठावं हुतं. मला एकानंबी सांगितलं न्हाई."

मी त्यात स्वतःलाही धरले. साखळी त्या तीन दिवसांत माझ्याच कपाटात पडली होती.

पुढच्या नोकरीत एक सवय लागली. आरोपी नाकबूल असला की पोलीस खोलात शिरतोच. मी मात्र कोणी पटकन कबूल झाला, की तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू करत असे. सहकारी हसायचे. सेठ वारला तेव्हा वर्तमानपत्रांत त्याच्या कर्तृत्वावर मोठे लेख आले. मी ते सगळे वाचले. साताऱ्याच्या त्या कामगाराचा उल्लेख एकातही नव्हता.