वाक्यानंतरची जागा

शांतवन पाळक बोलताना प्रत्येक वाक्यानंतर थांबत आणि मान किंचित कलती करीत, जणू पलीकडून कोणीतरी उत्तर देणार आहे. वेंगुर्ल्याच्या छोट्या चर्चमध्ये ते नवे आले होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि इंग्रजी कच्चं. म्हणून सुट्टीत त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो. त्यांनी फी घेतली नाही. तिथूनच आबांना, माझ्या वडिलांना, संशय आला.

"फुकट कोण शिकयता रे? तेका कायतरी होया आसतला."

मलाही तसं वाटू लागलं. आम्ही वाचायचो ती पुस्तकं अमेरिकेतल्या काळ्या ख्रिस्ती लोकांच्या उपासनेविषयी असत. कधी आफ्रिकेतल्या पाळकांचे लेख. मालकांनी दिलेल्या धर्मात गुलामांनी स्वतःचा देव कसा शोधला, हा पाळकांचा ध्यास होता. "उपदेशक एक वाक्य म्हणतो आणि लोक त्याला उत्तर देतात," ते सांगत. "धर्म मालकाचा घेतला, पण देवाशी बोलायची रीत आपली ठेवली." मग मान कलती झाली. "तुझे वडील ग्रामदेव रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालतात ना? त्याचे शब्द सांगशील?"

गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाला केलेली विनवणी. मानकरी एकेक वाक्य म्हणतो, गाव "व्हय म्हाराजा" म्हणतं. आमच्याच शब्दांचा गळ करून हे आमचीच माणसं ओढणार, असं माझ्या मनात आलं.

"आमचा गाऱ्हाणा तुमका कित्याक?" मी विचारलं.

एरवी शुद्ध बोलणारे पाळक मालवणीत शिरले. "माझो आजो देवळाभायर, वाटेर उभो रवायचो. आमच्या जातीक आत जागा नव्हती. थंयसून 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. तां आत कोणाक ऐकाक गेला नाय. मगे तो ख्रिस्ती झालो. थंय बाकार बसाक गावला, पण गप बसाक सांगितल्यानी." पुस्तक मिटून म्हणाले, "ह्यां चर्चात म्हटलंय तर थंयचे पंच माका काढतीत. पण लोकांनी एकदा उत्तर देवचा."

मी शब्द सांगितले. विश्वास बसला म्हणून नव्हे, नाही म्हणवेना.

रविवारी मी चर्चबाहेर रस्त्यावर उभा राहिलो. आतून आवाज आला, "बा देवा म्हाराजा, दर्यात गेल्ल्यांक सुखरूप घराक हाड." ते थांबले. कोणी बोललं नाही. पुढचं वाक्य झालं, पुन्हा थांबले. मग पुढच्या बाकावरून म्हाताऱ्या रूथबाईंचा आवाज आला.

"पाळकानू, आज गाऱ्हाणा घातलात. फाल्यां कोंबो कापशात?"

देवळाकडचे म्हणाले, पाद्री आमचा देव पळवतो. चर्चमधले म्हणाले, पाळक बाटला. पंचांनी त्यांची घाटावर बदली करवली.

नक्की जातो की नाही, हे बघायला आबा माझ्याबरोबर एस.टी. स्टँडवर आले. खिडकीतून पाळकांनी हात जोडले. "आबानू, माझ्यासाठी एक गाऱ्हाणा घालशात?"

मागितलेलं गाऱ्हाणं आबांना नाकारता येईना. त्यांनी टोपी सारखी केली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, हो पाद्री घाटार जाता हा. तेका सुखरूप पोचव."

"व्हय म्हाराजा," सवयीने अख्खी गाडी म्हणाली. सगळ्यांच्या वर पाळकांचा आवाज होता.

"आणि तेका थंयच बरो ठेव. परत हंय धाडू नको."

पाळक हसले, आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा."

त्यांच्या आजोबांची गोष्ट मी घरी कधी सांगितली नव्हती. परतताना आबा एवढंच म्हणाले, "आवाज मोठो आसा रे तेचो. वाटेर उभो रवलो तरी देवळात ऐकाक येतलो."