आधी डोंगर, मग घर

वीस वर्षांच्या नोकरीत मला माझ्याच मुलखात एकदाच ड्युटी लागली. ती लागली नसती तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवलदार होतो. भिवंडीत पाणी शिरलं म्हणून आमचा फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीची तुकडी, एका संध्याकाळी निघाला. माझं गाव कोन, कल्याण-भिवंडी रस्त्यावरचं. म्हणून कॅप्टन साहेबांनी मला गाडीत शेजारी बसवलं आणि हातात टॅबलेट दिला. बोट सोडण्याआधी आकाश बघून सांगायचं काम माझं. हवामान उपग्रहाचं चित्र दर अर्ध्या तासाने यायचं. उंच, थंड ढग पांढरे दिसत, मोकळी जमीन काळी. त्याचा पंधरा दिवसांचा कोर्स मी केला होता, वर गावचा माणूस. माझ्याइतका लायक कोण, असं मलाही वाटत होतं.

कामवारी नदीला लागून एक चाळ होती. लूम कामगारांची बिऱ्हाडं पत्र्यावर चढून बसलेली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नायक गुरमेलने बोटीच्या पाच फेऱ्या केल्या. पंजाबचा गडी, कालव्यात पोहायला शिकलेला. दर फेरीनंतर ओल्या अंगाने माझ्या खांद्यावरून डोकावायचा.

"उस्ताद, इसमें भाभी का चूल्हा दिखता है क्या?"

थट्टा बरोबर जागी लागत होती. कोनला माझे म्हातारे आबा, बायको आणि दोन मुलं होती. आदल्या रात्रीपासून फोन लागत नव्हता. मी भीतीने अर्धा झालो होतो. चित्र आलं की माझी दोन बोटं आपोआप कोनवर जायची आणि नकाशा मोठा करायची.

१४०० वाजता, म्हणजे दुपारी दोनला, पाऊस थांबला. पत्र्यावर आठ जण उरले होते. बोटीत एका वेळी सहा मावत, म्हणजे दोन फेऱ्या.

"हवलदार, पिक्चर?" साहेबांनी विचारलं.

मी नुकतंच आलेलं चित्र मोठं केलं. कोन काळं. भिवंडी काळी.

"क्लिअर, सर."

"कितना टाइम?"

"दो घंटे, सर."

गुरमेल निघाला. सोबत एक सॅपर, आमच्याच रेजिमेंटचा जवान, होता.

१४३० चं चित्र आलं. कोन काळंच होतं. जीव भांड्यात पडला, बोटं सैल झाली आणि नकाशा लहान झाला. तेव्हा ते दिसलं. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरावर, पांढराफेक डाग. मी मागची दोन चित्रं उघडली. डाग तिथेच होता, हललेलाच नव्हता. तासभर तिथे पाऊस ओतत होता आणि ते सगळं पाणी आमच्याकडे निघालं होतं. मी वायरलेस सेटवर गुरमेलच्या बोटीला हाक दिली.

"ब्राव्हो वन, फौरन वापस आओ. ओव्हर."

"छह उतार दिए. अब आखिरी दो. ओव्हर."

"छोड़ दो. ऊपर से पानी आ रहा है. ओव्हर."

"बूढ़ी अम्मा है उस्ताद, साथ में पोती. पत्रे तक पहुँच गया हूँ. ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. काय झालं ते त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. त्यांनी सेट घेतला आणि एवढंच म्हणाले, "जल्दी."

पाण्याचा आधी वास बदलला, मग रंग. गवताचे भारे आले, मागून एक आख्खं झाड. आजी आणि नात बोटीत बसल्या होत्या. गुरमेल पत्र्याचा दोर सोडत होता. झाड त्याच बाजूने आदळलं. सॅपरने बोट सावरली, दोघींना काठाला आणलं. गुरमेल दिसला नाही. वेळ १४४६.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कशेळीच्या खाडीत सापडला. कोनला आमच्या घरात घोटाभर पाणी आलं होतं. आबा खाटेवर बसून चहा पीत होते.

चौकशीत मी लिहून दिलं की मी फक्त माझं गाव बघितलं. ती चित्रं आणि आमच्या लॉगमधल्या वेळा पुढे एका हवामान संशोधक बाईंनी मागून घेतल्या. त्या म्हणाल्या, "उपग्रहाला ढग दिसतो. पाऊस किती पडला हे आपण त्यावरून अंदाजाने काढतो. अंदाज ताडून बघायला वर डोंगरात मोजणारं कुणीच नाही."

निवृत्त झाल्यावर मी आधी तेच काम केलं. नदीच्या उगमाकडे बारकूबाई नावाची शेतकरीण राहते. तिच्या अंगणात पर्जन्यमापक बसवला आणि त्यावर रंगाने नाव लिहिलं, गुरमेल. कोण हा, असं तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, कोन मोठं करून बघितल्याचंही. तिने भाताचं सूप खाली ठेवलं.

"मंग आता आधी वर बघत जा," ती म्हणाली.

पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला तिचा फोन येतो. मी आकडा वहीत लिहून संशोधक बाईंना पाठवतो. त्या तो उपग्रहाच्या अंदाजाशी ताडून बघतात. कधी फोन अवेळी वाजतो.

"फौजी दादा, गुरमेल भरत आलाय. अजून थांबत न्हाय."

मी चित्राची वाट न बघता चाळीत फोन लावतो. गुरमेलने वाचवलेली आजी अजून आहे. कुरकुरत का होईना, शाळेच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसते. गेल्या वर्षी अशा तीन वेळा तिला हलवलं. दोनदा पाणी आलंच नाही, तेव्हा तिने मला शिव्या दिल्या. मला त्या गोड लागल्या.

आणि एखाद्या सकाळी उघडीप असते. फोन वाजतो. मी वही उघडून उचलतो.

"गुरमेल आज कोरडा हाय, दादा," बारकूबाई सांगते. "निवांत जेव."