स्वतःचाच मालक

"मी कुणाचा नोकर नाही," असं काका ओळख करून देतानाच सांगायचे. कुणी विचारलेलंही नसायचं. ॲन आर्बर या आमच्या अमेरिकन गावातल्या मराठी कार्यक्रमांत डॉक्टर आणि प्रोफेसर आपापल्या डिपार्टमेंटबद्दल बोलत असत, त्यात हे नखांतलं प्लास्टर खरवडत उभे. तुमच्याही गावात असा एखादा असेलच.

पूर्वी ते एका कंपनीत भिंतींना प्लास्टर करायचे. सुपरवायझरनं कुत्र्याला बोलवावं तशी शिट्टी वाजवून बोलावलं, त्याच दिवशी नोकरी सोडली. मग जुनी व्हॅन घेऊन एकट्याची कंपनी काढली. "मालक मीच, गडी मीच. भांडण झालं तर घरातल्या घरात," म्हणायचे.

मी एका बांधकाम कंपनीत इंजिनियर. आमच्याकडे सरकारी लायब्ररीचं काम आलं, तेव्हा भिंतींचं कंत्राट काकांनी ठोक रकमेत घेतलं. अर्धं काम झाल्यावर नियम आडवा आला. अशा कामावर हातानं राबणाऱ्याला त्या भागात ठरलेली मजुरी तासाप्रमाणे मिळायलाच हवी, मग तो स्वतःला मालक का म्हणवेना. शिवाय त्याला मुख्य कंपनीनं आपल्या पगारावर दाखवायचं.

काकांची ठोक रक्कम त्या मजुरीला पुरत नव्हती. आमच्या मॅनेजरनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, तास निम्मे दाखवा म्हणजे हिशेब जुळेल, नाहीतर पुढची कामं विसरा. मध्येच सोडून जावं, तर करार मोडल्याचा दावा. काका सगळं ऐकून परत शिडीवर चढले.

मग सरकारी तपासनीस बाई साइटवर आल्या. त्यांनी काकांना सरळच विचारलं, तास किती? मॅनेजर दारात उभा होता. काकांनी थापी बादलीत ठेवली आणि खरे तास सांगितले.

दुपारी ते व्हॅनमध्ये डबा खात होते. मी म्हटलं, "काका, आता हे लोक तुम्हाला बोलावणार नाहीत."

"माहितीये गं. पण निम्म्या वेळात झालं म्हणायचं, तर उरलेला वेळ मी तिथे काय करत होतो?"

कंपनीला फरक भरावा लागला. काकांच्या हातात पगाराची चिठ्ठी आली, ती त्यांनी न बघताच खिशात कोंबली. पुढे हिवाळाभर त्यांचा फोन वाजला नाही. आमच्या कंपनीचा नाही, दुसऱ्या कुणाचाही नाही. व्हॅन विकून ते दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला मुलीकडे राहायला गेले.

परवा मी फोन केला. दिवसभर काय करता, विचारलं. तिथे गाडीशिवाय कुठे जाता येत नाही आणि मुलगी गाडी चालवू देत नाही, म्हणाले. मग म्हणाले, "तसं सगळं छान आहे. नात म्हणते, आजोबा, सिट. मी बसतो."